पूर्ण स्टीलचं पिस्तूल घ्यावं का? मालक लोक काय सांगतात आणि त्यातलं किती धरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅलसला राहतो, ग्रीन कार्ड आलंय, पहिलंच पिस्तूल घ्यायचंय आणि ते चांगलं घडवलेलं पूर्ण स्टीलचंच हवंय, कारण काका फौजेत होते आणि त्यांच्या कमरेचं लोखंडी पिस्तूल लहानपणापासून डोक्यात बसलंय. यादीत सीझेड ७५ बी, सीझेड शॅडो २ आणि सिग पी२१० अशी तीन नावं आहेत. मालकांची मतं वाचून गोंधळ उडालाय. कुणी म्हणतं आयुष्यभराची वस्तू आहे, डोळे मिटून घे. कुणी म्हणतं नुसता धोंडा आहे, ग्लॉक घे आणि विषय संपव. बायकोही शूट करणार आहे आणि तिचा हात लहान आहे.

मी इथं टेक्सासमध्ये बरीच वर्षं क्लबच्या मॅचेसमध्ये रेंज ऑफिसर म्हणून उभा राहतो, नवीन लोकांना शिकवतो आणि स्वतः स्टीलचीच पिस्तुलं वापरतो, त्यामुळे नीट सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. मालकाचं मत वाचताना पिस्तुलाबद्दल काय म्हणतोय ते नंतर बघ, आधी त्याने त्यातून गोळ्या किती झाडल्यात आणि ते कशासाठी वापरतोय ते बघ. बहुतेक कौतुक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लिहिलेलं असतं, खोका उघडला, दोनशे-तीनशे गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, लगेच "एकदम परफेक्ट". अरे तीनशे गोळ्या कुठलंही धड पिस्तूल झाडतं. मला ऐकावंसं वाटतं त्या माणसाचं ज्याने स्प्रिंगा दोनदा बदलल्यात, ज्याचं काहीतरी एकदा तुटलंय आणि तरीही ज्याने ते विकलेलं नाहीये. असा माणूस तुला कौतुकही सांगेल आणि कुठला पार्ट जास्तीचा आणून ठेवायचा तेही सांगेल. आणि तो माणूस ते रेंजवर वापरतो, मॅचला वापरतो, की रोज कमरेला लावून फिरतो, यावर त्याचं मत पूर्ण उलटं होतं. वजनाला शिव्या घालणारे जवळजवळ सगळे कमरेला लावणारे असतात आणि वजनाचं कौतुक करणारे सगळे रेंजवाले. दोघंही खरं बोलतायत, फक्त वापर वेगळा आहे.

आता वजनाचं गणित बघू, कारण स्टील घ्यायचं खरं कारण तेच आहे, बाकी सगळं त्यानंतर. ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसकट साधारण ७०० ग्रॅम भरतं, सीझेड ७५ बी साधारण १ किलो आणि शॅडो २ साधारण १.३ किलो. तीच ९ एमएम गोळी तिन्हींतून झाडली तर मोमेंटम सारखाच, पण पिस्तूल मागे येण्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात जाते, म्हणजे ग्लॉकच्या तुलनेत ७५ बीला ती साधारण तीस टक्के कमी आणि शॅडोला जवळपास निम्मी. हा फरक कागदावरचा नाहीये, नवीन माणसाच्या हातात लगेच दिसतो. नवीन माणूस गोळी सुटायच्या आधीच दचकून मनगट खाली ढकलतो, सगळ्या गोळ्या खाली डावीकडे जातात, आणि ही सवय एकदा लागली की मोडायला महिने लागतात. जड पिस्तुलावर शिकलेल्यांना ही सवय कमी लागते, असं मी माझ्या डोळ्यासमोर पुन्हा पुन्हा बघितलंय. म्हणून "जड आहे म्हणून नवीन माणसाला नको" हे मत मला अजिबात पटत नाही, उलट आहे. फक्त हात दमतात हे खरं, विशेषतः शॅडो तासभर धरून उभं राहिलं की खांदे बोलायला लागतात, त्यामुळे वहिनींनी पहिल्या दिवसांत थोड्या गोळ्या, मग विश्रांती, असं करावं.

सीझेडबद्दल थोडं मागचं सांगतो, म्हणजे मालक लोक त्याच्या प्रेमात का पडतात ते कळेल. हे पिस्तूल १९७५ चं, चेकोस्लोव्हाकियातल्या उहेरस्की ब्रोडच्या कारखान्यासाठी फ्रांतिशेक कौत्स्की यांनी डिझाइन केलेलं. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) फ्रेमला (हातात धरायच्या खालच्या सांगाड्याला) बाहेरून कवटाळते, यात उलटं आहे, स्लाइड फ्रेमच्या आतल्या रेल्सवर चालते, आणि ही कल्पना स्विस सिग पी२१० मध्ये आधीच होती जे १९४९ मध्ये स्विस सैन्याने घेतलं. याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे स्लाइडला लांबच लांब आधार मिळतो, आणि दुसरं म्हणजे सगळा जडपणा हाताच्या जवळ खाली येतो, बॅरल हाताच्या वर फार उंच राहत नाही. त्यात ग्रिपचा आकार इतका सहज बसतो की दुकानात हातात घेतलं की लोक गप्प होतात. त्याची नक्कल किती ठिकाणी झाली बघ, इटलीत टॅनफोग्लिओ, इस्रायलमध्ये जेरिको, तुर्कस्तानात तर दोन-तीन कंपन्या. डिझाइनचं पेटंट देशात गुप्त ठेवलं होतं त्यामुळे बाहेर त्याला संरक्षणच नव्हतं, ज्याला जमलं त्याने बनवलं.

याचा तोटाही तिथंच आहे. स्लाइड आत बसल्यामुळे बाहेर पकडायला जागा कमी राहते. ओल्या किंवा घामट हातांनी स्लाइड ओढताना बोटं घसरतात, आणि ज्यांच्या हातात जोर कमी त्यांना पहिल्यांदा ते फार जड जातं. यावर उपाय म्हणजे चिमटीने ओढायचं नाही, वरून पूर्ण तळहात घालून पकडायचं आणि दुसऱ्या हाताने फ्रेम पुढे ढकलायची. हॅमर (मागचा ठोकणारा घोडा) आधी मागे घेऊन ठेवला तर स्लाइड बरीच हलकी ओढली जाते, हे वहिनींना नक्की दाखव. आणि हे सगळं करताना पिस्तुलाचं तोंड कायम समोर टारगेटकडे, बाजूला नाही. स्लाइड ओढताना पिस्तूल आडवं वळतं आणि शेजारच्या लेनवर रोखलं जातं, रेंजवर मला सगळ्यात जास्त वेळा हेच ओरडून थांबवावं लागतं.

लहान हाताचा प्रश्न खरा आहे आणि मालकांच्या मतांत तो दबून जातो, कारण लिहिणारे बहुतेक मोठ्या पंजाचे पुरुष असतात. ७५ बी डबल-सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे हॅमर खाली असताना पहिली गोळी लांब आणि जड ट्रिगरने सुटते, पुढच्या सगळ्या छोट्या हलक्या ट्रिगरने. त्या पहिल्या ओढीत ट्रिगर बराच पुढे असतो, लहान हाताचं बोट जेमतेम टोकाने पोचतं, मग माणूस ग्रिप फिरवून घेतो आणि गोळी बाजूला जाते. ग्रिपच्या बाजूच्या पट्ट्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या घातल्या की बरंच सुधारतं, खर्चही फार नाही. शिवाय ७५ बीला सेफ्टी हॅमर मागे असताना लागते, त्यामुळे रेंजवर तू पूर्ण वेळ सिंगल अ‍ॅक्शनमध्येच शूट करू शकतोस. मॅचला मात्र प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये (जवळपास मूळ स्वरूपातल्या पिस्तुलांच्या गटात) हॅमर खाली ठेवूनच सुरुवात करावी लागते, तेव्हा ती पहिली जड ओढ शिकण्यावाचून सुटका नाही.

इथं एक धोक्याची गोष्ट. साध्या ७५ बी ला डीकॉकर (हॅमर सुरक्षितपणे खाली आणणारा खटका) नाहीये. म्हणजे चेंबरमध्ये गोळी असताना हॅमर खाली आणायचा असेल तर अंगठ्याने धरून, ट्रिगर दाबून, हळूहळू सोडावा लागतो. अंगठा निसटला तर गोळी सुटणार, संपलं. अनुभवी लोक रोज करतात पण पहिल्या पिस्तुलावर हे शिकायला मी सांगणार नाही, निदान शेजारी शिक्षक उभा असल्याशिवाय नाही, आणि घरात तर कधीच नाही. ज्यांना हा प्रकार नको त्यांच्यासाठी बीडी मॉडेल आहे ज्यात डीकॉकर आहे, पण मग त्यात सेफ्टी नसते.

शॅडो २ बद्दल मालक जे म्हणतात ते बहुतेक खरं आहे. २०१६ मध्ये आलं, मॅचसाठीच बनवलंय, ट्रिगर पेटीतूनच असा येतो की दुसऱ्या पिस्तुलावर वेगळे पैसे घालून करून घ्यावा लागतो. पण ते वजन, ते लांब नाक आणि त्यात फायरिंग पिन ब्लॉक नाहीये, म्हणजे फायरिंग पिनला (गोळीच्या बुडावर आदळणाऱ्या सुईला) अडवून ठेवणारा तो छोटा तुकडा हलक्या ट्रिगरसाठी काढून टाकलाय. रेंज आणि मॅचपुरतं उत्तम, कमरेला लावायला किंवा रात्री घरात भरून ठेवायला मी ते घेणार नाही. ७५ बी मधला तो बी त्या ब्लॉकसाठीच आहे. शॅडोची किंमतही ७५ बी च्या साधारण दुप्पट पडते.

पी२१० ची गोष्ट वेगळी. जुनी स्विस बनावटीची आता जमवणाऱ्यांची झालीत, आणि सध्या मिळतं ते सिगच्या अमेरिकेतल्या कारखान्याचं. ट्रिगर आणि नेम याबाबतीत त्याचं नाव आहे आणि ते कमावलेलं आहे, पण मॅगझिन एका रांगेचं, आठ गोळ्यांचं. ज्याला शांतपणे २५ यार्डांवर एकेक गोळी नीट लावायची आहे त्याने घ्यावं, आयुष्यभर आनंद देईल. पण तुला शिकायचंय, बायकोला शिकवायचंय, एखादी क्लब मॅच करायचीय, त्याला ते पहिलं पिस्तूल म्हणून योग्य नाही.

आणि काकांचं पिस्तूल. भारतीय फौजेतल्या अधिकाऱ्यांकडे जे असायचं ते बहुतेक ९ एमएम १ए, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं, आणि ते मुळात ब्राउनिंग हाय-पॉवर आहे. १९३५ चं डिझाइन, जॉन ब्राउनिंगने सुरुवात केलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या एफएन कंपनीत दिउदोने सैव्हने पुरं केलेली, तेरा गोळ्यांचं मॅगझिन जे त्या काळात अफाट होतं. तेव्हा मनात खरंच ते चित्र असेल तर यादीत चौथं नाव घाल. एफएनने मूळ हाय-पॉवर २०१८ मध्ये बंद केलं, पण २०२१ मध्ये स्प्रिंगफील्डने एसए-३५ नावाने तेच डिझाइन पुन्हा आणलंय, आणि त्यात जुन्याची मोठी तक्रार, म्हणजे हॅमर मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी चिमटायचा, ती दूर केलीय. ग्रिप बारीक, ट्रिगर सिंगल अ‍ॅक्शन असल्यामुळे बोटाजवळ, त्यामुळे लहान हाताला ते ७५ बी पेक्षाही बरं बसतं. वहिनींच्या हातात ते एकदा देऊन बघच.

"स्टील पिढ्यान्पिढ्या टिकतं" या मताबद्दल बोलतो, कारण ते अर्धंच खरं आहे. फ्रेम आणि स्लाइड टिकतात, हो. पण पिस्तूल म्हणजे फक्त त्या दोन गोष्टी नाहीत. सीझेडची ट्रिगर रिटर्न स्प्रिंग तुटते. स्लाइड स्टॉपची (स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याची) पिन बऱ्याच हजार गोळ्यांनंतर तडकते आणि शेवटी तुटते, बहुतेक मॅचच्या मध्येच. रिकॉइल स्प्रिंग मरते. हे दोष नाहीत, हे मोटरसायकलच्या चेन-स्प्रॉकेटसारखे झिजायचेच भाग आहेत, पण ज्याने कमी झाडलंय त्याला ते माहीतच नसतं आणि ज्याचं तुटतं तो रागाने एक स्टार देऊन मोकळा होतो. दोन्ही मतं बाजूला ठेव. उलट पॉलिमरला "प्लास्टिक" म्हणून हिणवणारेही चुकतात, ग्लॉक १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलं, आज जगभर पोलिसांच्या कमरेवर आहे आणि टिकण्यात चांगल्या स्टीलच्या मागे नाही. स्टील टिकाऊ म्हणून घेऊ नकोस, स्टील शूट करायला सुख देतं म्हणून घे. हे सुख मला फार मोठी गोष्ट वाटते, कारण जे पिस्तूल हातात घ्यावंसं वाटतं त्याचाच सराव होतो.

आणखी एक मत सारखं दिसतं, की सीझेडची फ्रेम आतून खरखरीत आहे, हत्यारांच्या खुणा दिसतात, म्हणजे घडण स्वस्त. बघ, आतल्या खुणांचा नेमाशी काही संबंध नाही. नेम ठरतो तो गोळी सुटताना बॅरल आणि स्लाइड दर वेळी त्याच जागी किती घट्ट बसतात यावर. हलवल्यावर खुळखुळ वाजणारी १९११ नावाच्या मॉडेलची जुनी पिस्तुलं मी सुंदर ग्रुप मारताना, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ लावताना बघितलीत. तसंच "कास्टिंग म्हणजे कमअस्सल" हेही सोडून दे, रूगर कंपनी कितीतरी दशकं इन्व्हेस्टमेंट कास्टिंगच्या (साच्यात ओतलेल्या) फ्रेम बनवतेय आणि त्या मजबुतीसाठीच ओळखल्या जातात. घडण बघायचीच तर मॅगझिन बघ, ट्रिगर किती स्वच्छ सुटतो ते बघ, स्लाइड हाताने हळू सोडल्यावर मध्येच थांबते का ते बघ.

गंज. हा स्टीलवाल्यांचा कायमचा धंदा आहे आणि इथला घामाचा उन्हाळा काही कोरडा नाही. ज्यांच्या घामात क्षार जास्त त्यांच्या हाताचे ठसे ब्लू केलेल्या (रसायनाने निळसर-काळा पातळ थर दिलेल्या) पिस्तुलावर रात्रीत उमटतात. सीझेडचा काळा पॉलीकोट रंगासारखा आहे, गंज बरा अडवतो पण कडांवरून आणि होल्स्टरच्या घासण्याने उडतो, ते साहजिक आहे, घाबरू नकोस. शूट करून आलं की पुसायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात कधीच टाकायचं नाही कारण चामडं ओल धरून ठेवतं. आतल्या रेल्सना मात्र तेल सढळ हाताने घाल, स्टीलवर स्टील घासतंय तिथं कोरडं ठेवणं बरोबर नाही.

कायद्याचं पटकन. ग्रीन कार्डवर पिस्तूल घेता येतं, वय २१ हवं, दुकानात ४४७३ फॉर्म भरून घेतात आणि बॅकग्राउंड चेक होतो, ग्रीन कार्डवरचा यूएससीआयएस नंबर बरोबर ठेव. फॉर्मवर एकही उत्तर अंदाजाने देऊ नकोस, पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. आपल्या लोकांत फार कमी जणांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे एच-१बी वर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, शिकारीचं वैध लायसन असणं यासारखे मोजके अपवाद सोडून. तेव्हा ग्रुपमधला कुणी मित्र म्हणाला की तुझ्या नावावर माझ्यासाठी घे, तर सरळ नाही म्हण, तो गंभीर गुन्हा आहे. वहिनींचं ग्रीन कार्ड तुझ्याबरोबरच आलंय ना तेही बघून घे. टेक्सासमध्ये परमिट लागत नाही, पण उद्या नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेलास तर तिथं प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट आणि मॅगझिन दहा गोळ्यांपर्यंतच, तुझी सोळाची मॅगझिनं तिथं चालणार नाहीत. आणि भारतात न्यायचा विचारही मनात आणू नकोस, ९ एमएम तिथं प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. घरात मूल असेल तर पहिली खरेदी तिजोरीची, पिस्तूल त्यानंतर, इथं मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हाही गुन्हा आहे.

तर माझं स्पष्ट मत: ७५ बी घे, किंवा हातात बरं बसलं तर एसए-३५. शॅडोच्या आणि त्याच्या किमतीत जो फरक आहे त्याच्या गोळ्या घे आणि एका चांगल्या शिक्षकाचे दोन-तीन क्लास घे. शॅडो घेऊन महिन्याला एक डबा झाडणाऱ्यापेक्षा साधं ७५ बी घेऊन दर आठवड्याला झाडणारा सहा महिन्यांत कुठल्या कुठे पुढे जातो, मॅचमध्ये हे मला दर मोसमात दिसतं. पुढे आवड लागली तर शॅडो कुठे पळून जात नाहीये, आणि तोवर तुझं स्वतःचं मत तयार झालेलं असेल.

घ्यायच्या आधी भाड्याने पिस्तुलं देणाऱ्या रेंजवर जा, एकाच दिवशी सीझेड, एखादं हाय-पॉवरच्या जातीचं आणि एक ग्लॉक, तिन्ही तुम्ही दोघांनी झाडून बघा, एकाच ब्रँडची ११५ ग्रेन वजनाची गोळी वापरून, म्हणजे फरक पिस्तुलाचा कळेल, गोळीचा नाही.

वापरलेलं मिळत असेल तर जरूर बघ, स्टीलमध्ये वापरलेलं घेण्यात फारसा धोका नसतो. आधी मॅगझिन काढ, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपास. मग विकणाऱ्याची परवानगी घेऊन हॅमर मागे घे आणि अंगठ्याने मागून पुढे ढकल, ट्रिगरला हात न लावता. हॅमर खाली पडला तर ते पिस्तूल तिथंच ठेव, कुणीतरी घरी ट्रिगर हलका करायला घासाघास केलीय. स्लाइड स्टॉप बाहेर काढून पिनवर तडा आहे का बघ. जुन्या सीझेडमध्ये मॅगझिन आपोआप खाली पडत नाही, आत एक मॅगझिन ब्रेकची पट्टी असते, तो बिघाड नाही.

आणि पिस्तुलाबरोबरच एक जास्तीचा स्लाइड स्टॉप, दोन ट्रिगर रिटर्न स्प्रिंगा, एक रिकॉइल स्प्रिंग आणि स्नॅप कॅप्स (सरावाच्या खोट्या गोळ्या) मागवून ठेव. ७५ बी मध्ये फायरिंग पिन धरून ठेवणारी एक बारीक रोल पिन असते, रिकाम्या चेंबरवर हजारदा ट्रिगर ओढला की तीच वाकते किंवा तुटते, त्यामुळे घरी ड्राय फायर करताना स्नॅप कॅप घालूनच करायचं, आणि त्या खोलीत खरी गोळी एकही ठेवायची नाही.